डोंगरावरच्या वाडीला कोंबडी कोणती?

झोडणी आटोपत आली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, की घरधनिणीला परसाकडे बघायला थोडी सवड मिळते. कोंबड्यांविषयीची पत्रे आमच्याकडे याच दिवसांत जास्त येतात. या खेपेला त्यांतले एकच पत्र घेतो, कारण त्यातला प्रश्न डोंगरउतारावर राहणाऱ्या पुष्कळ घरांचा आहे.

पत्र नवी मुंबईच्या अंगाला, खारघरच्या डोंगरावर राहणाऱ्या एका भगिनीचे आहे. ती लिहिते, "आमची अर्धा एकर वरकस जमीन. नाचणी-वरी होते, चार आंबे नि दोन फणस आहेत. गेल्या पावसात बारा कोंबड्यांतल्या नऊ गेल्या. आता बचत गटातून पाच हजार रुपये मिळणार आहेत. मोटारसायकलला जाळीच्या पेट्या बांधून एक पिल्लेवाला वाडीत येतो. म्हणतो, अस्सल कडकनाथ आहे, पन्नास घ्या, डोंगराला हीच जात चालते. घरधनी म्हणतात घेऊन टाकू. सासूबाई म्हणतात, आपली गावठी काय वाईट होती? मुलीला पुढच्या जूनला कॉलेजात घालायचे आहे. हे पैसे बुडून चालणार नाहीत. काय करू?"

ताई, तुमच्या सासूबाईंचे म्हणणे बारा आणे बरोबर आहे, घरधन्यांचे चार आणे. पिल्लेवाल्याचे किती ते पुढे सांगतो. पण आधी एक प्रश्न मीच तुम्हाला विचारतो. नऊ गेल्या ते कळले. ज्या तीन राहिल्या त्या कशा आहेत? रंग कोणता, पाय कसे, झोपतात कुठे? याचे उत्तर मनात तयार ठेवा.

जात निवडण्याआधी जागा पाहावी

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर उभारायचे ठरले. खाली जिथे भातखाचरे आणि मिठागरे होती तिथे आता इमारती झाल्या. वर डोंगरावर मात्र वाड्या आहेत, वरकस जमीन आहे, झाडोरा आहे. म्हणजे कोंबडीला चरायला रान वर आणि तिला गिऱ्हाईक खाली, पायवाट उतरली की दारात. असा योग थोड्यांनाच मिळतो. पण रान आले की रानातले धोकेही येतात.

पहिला धोका पावसाचा. कोकणात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. जमीन ओली, हवा ओली, खुराडे ओले. कोंबडी थंडी सोसते, ऊनही बरेच सोसते, पण पायाखालची ओल तिला सोसत नाही. दुसरा धोका आकाशातून, घार आणि शिकरा. तिसरा जमिनीवरून, मुंगूस, रानमांजर, आणि अंडी-पिल्ले गिळणारी धामण. चौथा धोका रोगाचा. तो डोळ्यांना दिसत नाही म्हणून त्याला शेवटचा म्हणतात, पण मारतो तो सर्वांत जास्त.

डोंगरावरच्या कोंबडीत म्हणून पाच गुण हवेत. अंग हलके नि पाय बळकट, म्हणजे उतारावर पळता येते आणि वेळ पडली तर फांदीवर उडता येते. रंग मातीत-पाचोळ्यात मिसळणारा, म्हणजे वरून दिसत नाही. स्वतःचे खाणे स्वतः उकरून काढण्याची सवय. वेळेवर खुडूक होऊन अंडी उबवण्याची बुद्धी. आणि पाचवा, पिल्लांवर पंख पसरून शत्रूवर धावून जाणारी आईची माया. अंड्यांचा आकडा या पाचांनंतर.

तरुणपणी मी हा हिशेब उलटा केला होता. पांढऱ्याशुभ्र लेगहॉर्नची २५ पिल्ले आणली, कारण पुस्तकात त्यांच्या अंड्यांचा आकडा सर्वांत मोठा होता. जूनमध्ये आणली, हीही चूकच. हिरव्या उतारावर ती पांढरी पाखरे अशी दिसत, की घारीला दुरून बोलावणे धाडल्यासारखे. दिवाळीपर्यंत चार उरली. त्यांनी अंडी भरपूर दिली, पण खुडूक एकही बसली नाही. दोन वर्षांत वंश संपला. वडील इतकेच म्हणाले, "बी नाही ते पीक कसले?" ते वाक्य मी विसरलो नाही.

शुद्ध, संकरित आणि गावठी

हे तीन शब्द बाजारात एकमेकांत मिसळून वापरतात, म्हणून ते नीट वेगळे करून घेऊ.

शुद्ध जात म्हणजे जिची पिल्ले आईबापांसारखीच निपजतात ती. रंग, बांधा, स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. आपल्या देशातल्या अशा जातींची नोंद हरियाणातील कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेत होते. असील, कडकनाथ, अंकलेश्वर, बसरा ही त्यांतली नावे. यांतली बसरा जात गुजरातच्या सीमेवरची, आपल्या नंदुरबार-नवापूर भागातली. लहान चणीची, चपळ, अंडी थोडी. कोकणची म्हणून अशी नोंदलेली जात माझ्या माहितीत नाही. आपल्याकडे आहे ती गावठी.

संकरित म्हणजे दोन-तीन जातींच्या मेळातून मुद्दाम तयार केलेली कोंबडी. हैदराबादची वनराजा, बंगळूरची गिरिराजा या त्यांतल्या. परसातच पाळण्यासाठी त्या केल्या, रंगीत आहेत, वजन नि अंडी गावठीपेक्षा खूपच जास्त. त्यांना नावे ठेवू नयेत. पण त्यांची गोष्ट संकरित बियाण्यासारखी आहे. पहिले पीक जोमदार, घरचे बी धरून पेरले की मात्र तो जोम राहत नाही. त्यांच्या अंड्यांतून निघालेली पिल्ले आईसारखी होतीलच असे नाही, आणि खुडूक बसण्याची सवय त्यांच्यात फारशी उरलेली नाही. दर खेपेला पिल्ले विकत आणावी लागतात. रस्त्याकाठच्या, कुंपण असलेल्या परसाला ते परवडते. डोंगरावर पिल्लांची पेटी डोक्यावर वाहून न्यायची तर विचार करावा.

गावठी म्हणजे कागदावर शुद्ध नव्हे, पण त्या डोंगराने शेकडो पिढ्या पारखून ठेवलेली. जी पळाली नाही तिला मुंगसाने नेले, जी बसली नाही तिचा वंश राहिला नाही. उरली ती आजची कोंबडी. वर्षाला तीन-चार वेळा अंड्यांवर येते, एका खेपेला १२ ते १५ अंडी देते, म्हणजे वर्षाची ३६ ते ६०. आकडा लहान, पण तिचा खर्चही लहान.

शुद्धच हवी तर कोणती?

काही घरांना शुद्ध जात हवी असते, आणि त्यात गैर काही नाही. एकसारखे पक्षी असले तर पिल्लेही विकता येतात. डोंगराच्या दृष्टीने चार जाती तपासून पाहू.

असील. नावाचा अर्थच अस्सल. छत्तीसगड, ओडिशा, आंध्र या भागांत जुनी. उंच मान, दांडगे पाय, कमी पण चिवट पिसे. तीन ते चार किलो भरणारा कोंबडा कुत्र्यालाही अंगावर येऊ देत नाही. कोंबडी उत्तम आई. दोष दोन. अंडी फार थोडी, आणि कोंबडे एकमेकांच्या जिवावर उठतात. एका अंगणात एकच कोंबडा ठेवावा. झुंजी लावणाऱ्यांना तर मुळीच विकू नये. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने झुंज लावणे हा गुन्हा आहे.

कडकनाथ. मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर, धार या भिल्ल मुलखातली. पिसे, कातडी, तुरा, मांस सारे काळे. तिकडे तिला कालामासी म्हणतात. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळाले. काटक आहे, उन्हाला दाद देत नाही, किंमत चांगली येते. अंडी वर्षाला ८० ते १०० च्या घरात. दोष असा, की ती खुडूक क्वचितच बसते. तिची अंडी गावठीखाली ठेवून उबवावी लागतात. ज्या घरी गावठी नाही त्या घरी कडकनाथचा वंश टिकत नाही.

ऱ्होड आयलंड रेड. अमेरिकेतली तांबडी कोंबडी. सरकारी केंद्रांनी ती गावोगाव पोचवली, अनेक गावठी कोंबड्यांच्या अंगावरचा तांबडा रंग तिचाच. शांत, अंडी दीडशेच्या वर, पण पुरते खाणे लागते. अंगाने जड म्हणून उडता येत नाही. घराजवळ, सावलीला, कुंपणात ठेवणार असाल तर घ्यावी.

उघड्या मानेची. मानेवर पिसे नसलेली ही कोंबडी काही जणांना कुरूप वाटते. पण दमट उकाड्यात मानेवाटे अंगातली उष्णता बाहेर जाते, म्हणून कोकणच्या हवेला ती सोयीची. तुमच्या वाडीतल्या गावठीत अशी एखादी असली तर तिला विकू नका.

आणखी एक गोष्ट. सह्याद्रीच्या रानात करड्या रंगाचा रानकोंबडा आहे. त्याची अंडी आणून कोंबडीखाली ठेवावी, जात काटक होईल, असे काही जण सांगतात. तसे करू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि गावठीचे मूळ मुख्यत्वे तांबड्या रानकोंबड्यात आहे, या करड्यात नव्हे.

पिल्लेवाल्याचे किती खरे?

कडकनाथच्या नावाचा आपल्या राज्याला एकदा मोठा चटका बसला आहे. २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात पिल्ले देतो, अंडी नि पक्षी परत विकत घेतो, असे सांगून अनेक शेतकऱ्यांकडून पैसे घेतले गेले आणि परत खरेदी झालीच नाही. कोंबडी खोटी नव्हती, तिच्याभोवती रचलेला करार खोटा होता. म्हणून "आम्हीच परत घेऊ" हे शब्द ऐकले की पेटीवरचा हात मागे घ्यावा.

मग पिल्लू अस्सल कसे ओळखावे? जीभ काळी म्हणजे कडकनाथ, असे सगळे सांगतात. ती खूण पुरती नाही. काळेपणाचा गुण इतका जोरकस, की कडकनाथ कोंबडा दुसऱ्या कोंबडीला लावला तरी पहिल्या पिढीची बरीच पिल्ले सावळी-काळी दिसतात. फसगत दुसऱ्या पिढीत उघड होते. खात्रीची खूण एकच, आईबाप डोळ्यांनी पाहणे. पेटीतून आईबाप दिसत नाहीत.

शुद्ध पिल्ले हवीत तर आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. राज्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. मुंबईत आरे कॉलनीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे. रोह्याला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. पिल्ले मिळतील तेव्हा मिळतील, चौकशीला पैसे पडत नाहीत. पिल्ले घेताना लसीकरणाचा कागद मागून घ्यावा.

गावठी चिवट असते, अमर नसते

आता तुमच्या नऊ कोंबड्यांकडे येतो. पावसाच्या तोंडी एकामागून एक गेल्या, हिरवी हगवण, मान वाकडी, पंख लुळे, असे झाले असेल तर ती मानमोडी, म्हणजेच राणीखेत. उत्तरेकडच्या राणीखेत या डोंगरी गावावरून तिला हे नाव पडले. आपल्या गावठीला रोग लागत नाही, ही समजूत सर्वांत महाग पडते. मानमोडी गावठी, असील, कडकनाथ कुणालाच सोडत नाही. तिला औषध नाही, लस आहे.

पिल्लाला पहिल्या आठवड्यात लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात तीच पुन्हा, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास मानमोडीची पंखाखालची. नेमका क्रम डॉक्टर सांगतील तो पाळावा. अडचण अशी, की कुपी शंभर-शंभर मात्रांची येते आणि उघडल्यावर दोन-चार तासांत संपवावी लागते. एका घराच्या दहा पिल्लांसाठी कुपी कोण फोडणार? इथेच बचत गट कामाला येतो. साऱ्या वाडीने एक दिवस ठरवावा, पहाटे, कोंबड्या सोडण्याआधी. एकीने बर्फ घातलेल्या थर्मासमधून कुपी आणावी, घरोघर थेंब द्यावेत. शेजारणीची कोंबडी आजारी राहिली तर आपली निरोगी राहत नाही, कारण डोंगरावर कुंपण कोंबड्यांना माहीत नसते.

रक्ती हगवण ही दुसरी. ती पिल्लांना ओल्या जमिनीतून होते. म्हणूनच अंडी खुडूकखाली ठेवायची ती आता, कार्तिकापासून माघापर्यंत. पाऊस सुरू होईल तेव्हा पिल्ले चार-सहा महिन्यांची, अंगाने भरलेली असतात.

आणि बर्ड फ्लूची आठवण असू द्या. २००६ साली देशातली त्याची पहिली साथ आपल्याच नवापूरला आली होती. जानेवारी २०२५ मध्ये तो उरण तालुक्यातल्या चिरनेरला आढळला आणि तिथल्या परसातल्या कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. खारघरहून चिरनेर काही परमुलूख नव्हे. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या ओढ्यात टाकू नयेत, कापून खाऊ नयेत, विकू तर नयेतच. दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे. सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, लपवून मेलेल्यांची मिळत नाही.

पाच हजारांचा हिशेब

ताई, आता तुमच्या त्या तीन कोंबड्या. त्या बहुधा काटकुळ्या, मातकट रंगाच्या असतील आणि आंब्यावर किंवा पडवीच्या वाशावर झोपत असतील. त्या तरल्या यात नशिबाचा भाग असेलच, पण गुणाचाही आहे. तुमच्या जागेची परीक्षा पास झालेली जात आज तुमच्याच दारात आहे. तिच्यापासून सुरुवात करा.

एक. निम्मे पैसे खुराड्याला. जुने खुराडे धुऊन, चुना मारून, चांगले ऊन खाऊ द्या. नवे जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच मचाणावर करा. भिंतीला कारवीचा कूड चालेल, पण त्याला आतून बारीक तारेची जाळी हवी. पावसाची बाजू, नैऋत्य-पश्चिम, पुरती बंद. दार पूर्वेला. तळाला भाताचे तूस, ते ओले झाले की त्याच दिवशी बदलायचे.

दोन. पाच-सहा तलंगा वाडीतून किंवा शेजारच्या वाडीतून घ्या. जिची आई दरवर्षी पिल्ले वाढवते अशा घरच्या घ्या. आणल्यावर तीन आठवडे वेगळ्या ठेवा, मगच तुमच्या तिघींत सोडा.

तीन. कोंबडा मात्र दुसऱ्या गावचा आणा. आठ-दहा कोंबड्यांना एक पुरे. दर दोन वर्षांनी बदला. बाप-लेकी, भाऊ-बहिणी एकत्र वाढत राहिल्या की अंडी पोकळ निघतात, पिल्ले रोडावतात. शुद्ध जातीची हौस इथे भागवा. एक असील कोंबडा आणला तर पिल्लांना वजन येईल आणि आईपणही राहील. मात्र त्याच्यासोबत दुसरा कोंबडा नको.

चार. एका खुडूकखाली दहा-बारा अंडी, संध्याकाळी ठेवा. सातव्या रात्री विजेरीच्या उजेडावर धरून पाहा, पोकळ असतील ती काढा. एकविसाव्या दिवशी पिल्ले. पहिले तीन आठवडे आई-पिल्ले डालग्याखाली किंवा अंगणातच, घरातल्या कुणाच्या तरी नजरेखाली.

पाच. संध्याकाळी मूठभर कणी-कोंडा दारात टाका. कोंबडीमागे ४० ग्रॅम धरले तर दहा कोंबड्यांना महिन्याला १२ किलो होते. बाकीचे पोट रान भरते. याने रोज मोजणीही होते, आणि कोणती मलूल आहे तेही दिसते.

आता जमा. आठ कोंबड्यांतल्या सहा वर्षातून दोनदा बसल्या, दर खेपेला आठ पिल्ले निघाली आणि त्यांतली पाच जगली, तर ६० पक्षी. माझा अंदाज मुद्दाम आखडता आहे. त्यांतल्या दहा चांगल्या तलंगा घरी ठेवा. उरलेले ५० एकदम विकू नका. आषाढात गटारीच्या आधीच्या आठवड्यात खाली गावठी कोंबड्याला मागेल तो भाव असतो. कार्तिकातली पिल्ले तोवर विकायला तयार होतात. जूनच्या फीसाठी हवे असतील तेवढे मेअखेरीस उतरवा, बाकीचे थांबवा.

आणि कडकनाथ? पुढच्या वर्षी, सहा-आठ पिल्ले, आईबाप पाहून, स्वतःच्या नफ्यातून. त्यांची अंडी उबवायला तुमच्याकडे तोवर खुडूक गावठी असतील. कर्जाच्या पैशातून पन्नास नकोत. पिल्लेवाल्याचे किती खरे म्हणून सांगायचे राहिले होते. कडकनाथ काटक आहे, एवढेच खरे.

सासूबाईंना आमचा नमस्कार सांगा. त्यांना एक विचारून घ्या, पूर्वी त्यांच्या घरी कोणत्या रंगाची कोंबडी सर्वांत जास्त पिल्ले जगवी? त्यांनी ते कुठे लिहून ठेवलेले नसेल, पण त्यांच्या ध्यानात असेल. तुम्ही मात्र वहीत लिहायला लागा. कोणती कधी बसली, किती निघाली, किती जगली. तीन वर्षांत ती वही सांगेल तुमच्या डोंगराची जात कोणती.

मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला की आम्हाला एक कार्ड टाका.